जीवशास्त्राच्या पदवीचे पैसे कधी होतात

नुसत्या जीवशास्त्राच्या पदवीवर मिळणारा पहिला पगार बहुतेक वेळा कमीच असतो. प्रवेश घेतानाच हे ठाऊक असलं, तर पुढची तीन-चार वर्षं वेगळ्या पद्धतीने वापरता येतात. त्यासाठी आधी हा पगार कमी का असतो ते समजून घ्या.

नर्स, फार्मासिस्ट किंवा डॉक्टरला कायद्याने नोंदणी लागते. त्यांची कामं दुसऱ्या कुणाला करता येत नाहीत, म्हणून त्यांच्या खुर्च्या राखीव असतात. जीवशास्त्राच्या पदवीधराला अशी राखीव खुर्ची नाही. ज्या जागेसाठी तुम्ही अर्ज कराल, तिथे जीवरसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान शिकलेले सगळेच असतात. शिवाय वैद्यकीय प्रवेशाची वाट म्हणून हा विषय घेतलेले आणि ती वाट बंद झाल्यावर इकडे वळलेले उमेदवारही त्याच रांगेत उभे राहतात. अभ्यास किती अवघड होता याचा या पगाराशी फारसा संबंध नाही.

माझी पहिली नोकरी इंजेक्शनं बनवणाऱ्या एका कारखान्याच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात होती. निर्जंतुक खोलीत उघड्या ठेवलेल्या प्लेट्स (जंतू वाढावेत म्हणून पोषक माध्यम ओतलेल्या बशा) गोळा करायच्या, इन्क्युबेटरमध्ये ठेवायच्या, कॉलनी म्हणजे वाढलेल्या जंतूंचे ठिपके मोजायच्या, नोंदी करायच्या. पाण्याचे नमुने घ्यायचे, यंत्रांवरून स्वॅब घ्यायचे. निर्जंतुकतेच्या चाचणीत नमुना १४ दिवस उबवून पाहावा लागतो आणि निकाल येईपर्यंत अख्खी बॅच गोदामात अडकून राहते. म्हणजे आमच्या एका कागदावर कारखान्याचा केवढा तरी पैसा थांबलेला असायचा.

तिथे मला एक गोष्ट स्पष्ट दिसली. प्लेट हाताळणाऱ्याच्या आणि निकालावर सही करणाऱ्याच्या पगारात मोठं अंतर होतं, पदवी मात्र दोघांची सारखीच. आमच्या वरिष्ठ बाई प्लेटवर काय वाढलंय ते कळलं की माग काढत मुळापर्यंत जायच्या. स्टॅफिलोकोकस हा जिवाणू निघाला तर माणसाच्या त्वचेवरून आला असणार, म्हणून गाऊन आणि हातमोजे घालण्याची पद्धत तपासा. स्यूडोमोनास निघाला तर कुठेतरी पाणी साचलंय. बीजाणू करणारा बॅसिलस निघाला तर धूळ किंवा पुठ्ठ्याची खोकी आत आली आहेत का ते बघा. मग त्या तपासाचा अहवाल इतका नेटका लिहायच्या की बाहेरून येणाऱ्या तपासनिसांचं शंकानिरसन कागदावरच होई. हे सगळं ज्ञान पदवीच्या पुस्तकांतलंच आहे. त्यावरून निर्णय घेता येणं आणि तो लिहून मांडता येणं, याचे पैसे त्यांना मिळत होते.

म्हणून नव्याने येणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं लिहिण्याबद्दल असतं. प्रॅक्टिकलची वही ही नुसती गुणांसाठी भरायची वही समजू नका. तारीख, नमुन्याचा क्रमांक, वापरलेल्या माध्यमाचा लॉट, चुकलेला आकडा एका रेघेने खोडून शेजारी सही: औषध उद्योगात नोंदी अशाच ठेवतात. ही सवय घेऊन आलेला उमेदवार मुलाखतीत लगेच ओळखू येतो.

दुसरं, संख्याशास्त्र आणि थोडं प्रोग्रॅमिंग. माणसाचा जीनोम, म्हणजे संपूर्ण जनुकीय माहिती, वाचणारा मानवी जीनोम प्रकल्प १९९० ते २००३ चालला आणि त्याला सुमारे तीन अब्ज डॉलर लागले. आज एका माणसाचा जीनोम हजार डॉलरच्या आसपास, कधी त्याहूनही कमी खर्चात वाचता येतो. वाचन इतकं स्वस्त झाल्यावर माहितीचे ढीग साचले आणि त्यांचा अर्थ लावणाऱ्यांची गरज वाढली. आर किंवा पायथन यांपैकी एक भाषा नीट शिका. जेनबँक या सार्वजनिक साठ्यातले डीएनएचे अनुक्रम सगळ्यांना मोफत मिळतात, तेव्हा सरावासाठी कुणाच्या परवानगीची वाट बघावी लागत नाही. कोड येणारे पुष्कळ असतात, पण आलेलं उत्तर पेशीत शक्य आहे का हे ओळखणारे कमी, आणि तिथे तुमचा विषय उपयोगी पडतो.

प्रयोगशाळेबाहेरची कामंही बघा. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद आणि छाननी, क्लिनिकल चाचण्यांची देखरेख, परवान्यांची कागदपत्रं, वैद्यकीय लेखन, प्रयोगशाळेची उपकरणं विकणं आणि ती वापरायला शिकवणं. या जागांबद्दल वर्गात क्वचितच कुणी बोलतं. त्यांतल्या काहींमध्ये पगार प्रयोगशाळेतल्या कामापेक्षा लवकर वाढतो.

एम्एस्सी करावी का, याचा हिशोब फीपुरता करू नका. त्या दोन वर्षांत बुडणारा पगार आणि हुकणारा अनुभवही त्यात धरा. ज्या जागेची जाहिरात एम्एस्सी मागते ती जागाच तुम्हाला हवी असेल तर जरूर करा; नोकरी मिळत नाही म्हणून करत असाल तर आधी वर्षभर कुठेही काम करून पाहा. पीएच्डीचं गणित वेगळं. विज्ञानात ती बहुधा विद्यावेतनावर होते, त्यामुळे स्वतःच्या खिशातून किंवा कर्ज काढून करायची वेळ येत असेल तर थांबा. प्रश्नाची ओढ असेल तर ती वर्षं फार समृद्ध असतात, हे मी मनापासून सांगते. पण संशोधनातल्या बऱ्याच जागा अनुदानावर चालतात आणि अनुदान संपलं की जागाही संपते.

पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत पगाराइतकंच महत्त्वाचं विचारा: वर्षभरात कोणत्या चाचण्या स्वतंत्रपणे करायला मिळतील, कोणत्या उपकरणांचं प्रशिक्षण नोंदवून मिळेल, आणि याआधी या जागेवर काम केलेली माणसं आता कुठे आहेत. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका. ती माणसं वरच्या जागांवर किंवा दुसरीकडे चांगल्या कामावर गेली असतील, तर सुरुवातीचा थोडा कमी पगार चालेल. सगळी वर्षानुवर्षं त्याच टेबलाशी असतील, तर शक्य असल्यास दुसरी जागा शोधा.