ॲल्युमिनियमच्या होडीतली वायरिंग अशी पक्की केली
नाथसागरावर मासेमारीला आमची ॲल्युमिनियमची लहान होडी असते. इंजिनाच्या थरथरीने वायर फासळीच्या धारेवर घासायची, दिवा मधेच जायचा. वाकून बघितलं तर इन्सुलेशन सोलून तांबं उघडं पडलेलं. 12 व्होल्टचा झटका जाणवत नाही हो, पण ओलाव्यात तांबं ॲल्युमिनियमला टेकलं की पत्रा कुरतडला जातो, खरी भीती त्याची! म्हणून वायर जाते त्या भोकाभोकात रबरी ग्रोमेट (धार झाकणाऱ्या कड्या) बसवले, वायर लवचिक पाइपात घालून काठाखालून नेली, दर 45 सेंमीला रबर लावलेल्या क्लिपा आवळल्या. तळाला एकही भोक पाडलं नाही. निगेटिव्ह वायर बॅटरीपर्यंत वेगळी ओढली. ट्रॅक्टरसारखं बॉडीला अर्थिंग (निगेटिव्ह बॉडीला जोडणं) इथे अजिबात देऊ नका. फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतराच्या आतच लावला.