टरलॉकला पाणी आणायचंय? १८८७ची तयारी

समजा साल १८८७ आहे. कॅलिफोर्नियात टरलॉकजवळ तुमचा गहू पावसाच्या भरवशावर उभा आहे आणि टुऑलमी नदी लांबून वाहत चाललीय. आदल्याच वर्षी लक्स विरुद्ध हॅगिन खटल्यात कोर्टाने नदीच्या पाण्यावरचा काठावरच्या मालकांचा हक्क उचलून धरला. तुमचं रान काठावर नाही. पण मार्चमध्ये मोडेस्टोचे वकील-आमदार सी. सी. राइट यांचा कायदा झालाय, आणि त्याखाली सिंचन डिस्ट्रिक्ट काढता येतो. हा काही कलेक्टरचा जिल्हा नव्हे. पाण्यापुरती ग्रामपंचायतच म्हणा, फक्त हिला लाखोंचं कर्ज काढता येतं.

आधी ५० जमीनमालकांच्या सह्या गोळा करा. अर्जात हद्द नीट लिहा, कारण ज्याच्या रानात पाट चढतच नाही तो ‘मला वगळा’ म्हणत काउंटीच्या, म्हणजे तिकडच्या सरकारी जिल्ह्याच्या, मंडळापुढे उभा राहणार. जामीनही लागेल, वर्तमानपत्रात नोटीसही.

मग मतं. दोन तृतीयांश हवीत. सही करायला जमीन लागते, मत द्यायला लागत नाही, हे विसरू नका. तेव्हा लोहाराकडे जा, दुकानदाराकडे जा. हजारो एकरवाल्यालाही एकच मत, आणि कर मात्र जमिनीच्या किमतीवर. तो चिडणारच, आणि खरं सांगायचं तर त्याचं अगदीच चुकत नाही. बायकांचं मत मोजू नका, त्यांना ते १९११ साली मिळेल. चिठ्ठीवर ‘येस’ की ‘नो’ एवढंच, पण त्याच दिवशी पाच संचालक आणि खजिनदारही निवडायचेत. नावं आधीच ठरलेली बरी.

६ जूनला राज्यातला पहिला डिस्ट्रिक्ट म्हणून नाव लागेल. त्या रात्री फार नाचू नका. कर्जाचे रोखे २० वर्षांचे, ६ टक्क्यांचे, दर्शनी किमतीच्या ९० टक्क्यांखाली विकायला बंदी, आणि गिऱ्हाईक सापडता सापडत नाही. पाणी नको असलेलेही कर भरणार म्हटल्यावर कोर्टकचेऱ्या आल्याच, वकिलाची फी बाजूला काढा. कायदा घटनेत बसतो, हे अमेरिकेचं सर्वोच्च न्यायालय १८९६ साली सांगेल. शेजारच्या मोडेस्टो डिस्ट्रिक्टवाल्यांशी भांडण काढू नका. टुऑलमीवरचं ला ग्रेंजचं धरण त्यांच्याच भागीदारीत १८९३ला उभं राहणार आहे. पाटाला पाणी १९००मध्ये.

अल्फाल्फाचं, म्हणजे पाणी पिणाऱ्या लसूणघासाचं, बी सध्या घेऊ नका.