सोलापूरच्या उन्हाळ्यात घरातली औषधपेटी

झाकण घट्ट बसेल असा प्लास्टिकचा डबा घ्या. त्यात गॉज, चार इंची बँडेज, चिकटपट्टी, जखमेवर लावायचं पोव्हिडोन आयोडीन, पॅरासिटामॉल, थर्मामीटर, कात्री, टॉर्च आणि घरातल्यांच्या रोजच्या गोळ्या आठवडाभर पुरतील एवढ्या ठेवा. झाकणावर रुग्णवाहिकेचा नंबर १०८ लिहा.

डबा माळ्यावर ठेवू नका. पत्र्याखालच्या माळ्यावर मे महिन्यात माझ्या चिकटपट्टीचा डिंक वितळून गॉजला लागला होता. कपाटाचा सगळ्यात खालचा कप्पा बरा, मात्र पश्चिमेच्या भिंतीला लागून नको.

आता ओआरएस, म्हणजे जुलाबात पाण्यात ढवळून पाजायची मीठ-साखरेची पुडी. इथे मी स्वतः चुकले आहे. धाकटा चार वर्षांचा असताना त्याला जुलाब लागले आणि मी घाईत अख्खी पुडी एका पेल्यात ढवळली. लवकर गुण येईल असं वाटलं, पण जुलाब वाढले. मीठ-साखर जास्त झाली की आतडं उलट शरीरातलंच पाणी ओढून घेतं, हे मला डॉक्टरांनी नंतर सांगितलं. पाणी जास्त झालं तर क्षार कमी पडतात. म्हणून अंदाजपंचे करायचंच नाही. मोठी पुडी एक लिटरची, छोटी २०० मिलीची. घेतानाच पुडीवर वाचा. तांब्याने मोजू नका, प्रत्येक घरचा तांब्या वेगळा. एक लिटरची रिकामी बाटली धुऊन डब्याशेजारीच ठेवा. पाणी आधी उकळून गार करा, मगच पुडी घाला. घातल्यावर उकळायचं नाही. २४ तासांनी उरलेलं ओतून द्या. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही म्हणून ते जपून ठेवण्याचा मोह होतो, पण ठेवू नका. मुलाला उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमच्या-चमच्याने पाजा. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा.

उन्हाने कुणी बरळायला लागलं किंवा शुद्ध हरपली, तर तोंडात काहीही ओतू नका, ठसका लागून पाणी छातीत जातं. १०८ लावा, माणसाला सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतून वारा घाला. सोलापुरी टॉवेल ओले करून मानेला, काखेत आणि जांघेत लावा आणि ते गरम झाले की बदला.

भाजलं तर वीस मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली धरा. हळद, टूथपेस्ट, तूप काही लावायचं नाही.

गुढीपाडव्याला आणि दसऱ्याला डबा उघडून मुदत संपलेलं काढून टाका.