रात्रीचं जेवण साधं करायचंय? आधी भाकरी जमवा

घरातलं खाणं साधं करायचं आणि आपल्याच मुलुखात पिकलेलं खायचं असं ठरवलं, तर एकदम सगळं स्वयंपाकघर बदलायला जाऊ नका. फक्त रात्रीचं जेवण हातात घ्या. ज्वारीची भाकरी, त्या आठवड्यात शेतात आलेली एक भाजी, आमटी नाहीतर वरण, आणि तोंडी लावायला चटणी-कांदा. सकाळची पोळी, मुलांचे डबे, रविवारचं खास जेवण आहे तसं राहू द्या. रोज संध्याकाळी ‘आज काय करायचं’ हा प्रश्न उरला नाही की निम्मं काम झालं.

हे मी पुण्यातल्या घरासाठी सांगतेय. इथे सोलापूर-बार्शीकडची ज्वारी सहज मिळते. कोकणात असाल तर तांदळाची भाकरी धरा, खानदेशात कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची. जवळ जे पिकतं तेच धरायचं, एवढं ठरलं की पुरे.

भाजी आठवडे बाजारातून आणा. 2016 साली राज्याने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला. तेव्हापासून शेतकऱ्याला शहरात थेट विकता येतं, आणि मोठ्या शहरांत असे बाजार बरेच भरतात. फक्त तिथे बसलेला प्रत्येक जण शेतकरी नसतो. ज्याच्यापुढे पंधरा प्रकारच्या भाज्या एकाच मापाच्या रचलेल्या आहेत, त्याने तो माल मार्केट यार्डातून उचललेला असतो. शेतकऱ्याकडे चार-पाचच भाज्या असतात, लहानमोठ्या, देठाला माती लागलेल्या. त्याला गाव विचारा आणि पुढच्या आठवड्यात काय निघणार तेही विचारा. दहा रुपयांसाठी घासाघीस करू नका. यादी घेऊन बाजारात जायचं नाही. जे आलंय ते आणायचं आणि घरी येऊन ठरवायचं. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, करटोली, थंडीत मेथी, पावटा, ओला हरभरा, उन्हाळ्यात गवार, भेंडी. एप्रिल-मेमध्ये पालेभाजी कमी झाली की मटकी, हुलगे आणि सांडगे काढा. पालेभाजी न धुता, मुळं कापून, कोरड्या सुती कापडात गुंडाळून ठेवा. धुवायची ती चिरायच्या वेळी.

तूरडाळ फेब्रुवारी-मार्चमध्ये नवी येते, तेव्हा वर्षाची भरा. गूळही गुऱ्हाळं चालू असतानाच घ्या.

आता भाकरी. लोकांची गाडी इथेच अडते, आणि मलाही हीच पायरी सगळ्यात जड गेली. चार दिवस भाकरी तुटली, कडक झाली, मुलांनी ताटात तशीच ठेवली, की पाचव्या दिवशी घरात पुन्हा पाव येतो. म्हणून इथे घाई चालत नाही.

थापण्याचा हात नंतर येतो, आधी ज्वारी बघा. रब्बीची घ्या, आपण जिला शाळू म्हणतो ती. तिच्यातलं मालदांडी हे वाण मिळालं तर उत्तम. पावसाळी ज्वारीच्या दाण्यावर पाऊस पडला की दाणा काळा पडतो आणि भाकरीला ती चव राहत नाही. मंगळवेढ्याच्या काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर ज्वारी येते. तिथल्या ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. दाणा टपोरा, मोत्यासारखा पांढरा आणि चमकदार हवा. मार्च-एप्रिलमध्ये नवा माल येतो, तेव्हाच पोतं घ्या. दोन दिवस कडक ऊन द्या, पूर्ण गार झाल्यावर वाळलेल्या कडुनिंबाच्या पाल्यासकट पत्र्याच्या डब्यात भरा. गरम धान्य डब्यात कोंडलं तर आत घाम धरतो आणि कीड लागते.

मग दळण. ‘भाकरी येत नाही’ असं म्हणणाऱ्या दहांपैकी आठ घरांत खरा दोष पिठाचा असतो. ज्वारीत गव्हासारखा चिकटा नसतो. पीठ धरून ठेवणारी जी काही ताकद असते तिला आपण विरी म्हणतो, आणि पीठ जुनं झालं की विरी जाते. दुकानातल्या पाकिटातलं पीठ कधी दळलंय ते आपल्याला कळत नाही, म्हणून नवशिक्याने ते आणूच नये. चार माणसांच्या घरात एका वेळच्या भाकरीला आठवड्याला साधारण तीन किलो पीठ लागतं. तेवढंच दळून आणा, महिन्याचं नको. गिरणीवाल्याला ‘ज्वारीवर ज्वारी दळा’ म्हणून आधी सांगा, नाहीतर हरभऱ्याच्या दळणामागून तुमचा नंबर लागतो. पीठ बारीक हवं. घरी आणल्यावर डबा लगेच बंद करू नका. परातीत पसरून गार होऊ द्या.

मिश्रधान्याचं पीठ हा सल्ला मी कुणालाच देत नाही. ज्वारीत नाचणी, सोयाबीन, हरभरा असं पाच-सात धान्यांचं एकत्र दळलं की भाकरीला कुठल्याच धान्याची चव राहत नाही, आणि बिघडली तर कशाने बिघडली ते सापडत नाही. ‘वळायला सोपी जाते’ म्हणून गव्हाचं पीठ घालायला सांगणारेही भेटतील. त्याने भाकरी गार झाली की चिवट होते. प्लास्टिकच्या दोन कागदांमध्ये ठेवून लाटण्याच्या युक्तीतही पडू नका, हात तयारच होत नाही.

पाण्याबद्दल लोक सरसकट ‘उकळतं घ्या’ सांगतात. पीठ दोन-तीन दिवसांचं असेल तर कोमट पाणी पुरतं. पीठ जुनं असेल तरच उकळतं पाणी घाला, झाकून ठेवा आणि हाताला सोसेल इतकं निवलं की मळा. उकळत्या पाण्याने पिठातला थोडा भाग शिजतो आणि गेलेली विरी भरून निघते. ताज्या पिठाला तेवढं गरम पाणी दिलं तर गोळा चिकट होऊन परातीला धरतो.

एका वेळी एकाच भाकरीचं पीठ मळा. सगळ्या भाकऱ्यांचा गोळा आधी मळून ठेवायची सवय पोळीमुळे लागते, इथे ती मोडावी लागते. तळहाताच्या मुळाने परातीत घासून घासून मळा, दोन मिनिटं तरी. भाकरीच्या कडा चिरतात त्या मळण्यात हात आखडल्याने. गोळा दाबला आणि कडेला भेग आली तर पाण्याचा हात लावून पुन्हा मळा, तसाच थापायला घेऊ नका.

परातीत पीठ भुरभुरून बोटांनी थापा. भाकरी गरगर फिरली पाहिजे. अडकली तर खाली पीठ कमी पडलंय. पहिल्या महिन्यात मोठी भाकरी थापायचा हट्ट नको. तळहातापेक्षा थोडी मोठी आणि सगळीकडे सारखी जाड झाली तरी भरपूर झालं.

तवा लोखंडाचा, चांगला तापलेला. भाकरी टाकताना पीठ लागलेली बाजू वर येऊ द्या आणि लगेच, अगदी त्याच क्षणी, वरून पाण्याचा हात फिरवा. पाणी उशिरा लागलं तर कोरडं पीठ तसंच राहतं आणि पापुद्रा सुटत नाही. पाणी वाळत आलं, पूर्ण वाळायच्या आत, भाकरी उलटा. ही दुसरी बाजू तव्यावर निवांत भाजू द्या. मग पहिली बाजू थेट जाळावर धरा. भाकरी फुगते. नाहीच फुगली तर तव्यावर कापडाने कडेकडेने दाबून भाजा, चवीत काही उणं होत नाही.

भाकरी केल्या केल्या वाढा. गरम भाकरीचा पापुद्रा काढून त्यात तूप-गूळ नाहीतर तेल-तिखट घालून मुलांच्या हातात द्या आणि बाकी काही बोलू नका. भाज्या किसून लपवून खाऊ घालायचे प्रकार मला पटत नाहीत. मूल गवार बाजूला काढत असेल तर काढू द्या, ताटात मात्र रोज थोडी वाढा. त्याच्यासाठी वेगळं काही शिजवायचं नाही, भाकरी आणि आमटीवर ते उपाशी राहत नाही.

थंडीत बाजरी आणा. रीत हीच, वरून तीळ लावा. पण बाजरीचं पीठ ज्वारीपेक्षा लवकर कडवट होतं, म्हणून चार-पाच दिवसांपुरतंच दळा.

दोनेक महिन्यांत हात बसतो, मग सकाळच्या जेवणाकडे वळा. रात्री मुद्दाम दोन भाकऱ्या जास्त करा. सकाळी त्या कुस्करून, कांदा-मिरची-कढीपत्त्याची फोडणी देऊन, वर ताकाचा हबका मारून पाच मिनिटं झाकण ठेवा. घरात दूध असेल तर काला करा. नाश्त्यासाठी म्हणून वेगळं काही विकत आणायची गरज राहत नाही.