आफ्रो-क्यूबन संगीत समजून घ्यायचंय? आधी टिपऱ्या घ्या

सालसाच्या क्लासमध्ये चार स्टेप्स जमल्या की बऱ्याच जणांना वाटतं हे मूळ कुठलं ते पाहू जरा, ते निघतं क्यूबातलं आफ्रिकी मुळांचं संगीत, मग मोबाईलवर जे दिसेल ते ऐकतात आणि आठवडाभरात कंटाळतात. माझं म्हणणं असं की आधी हाताने शिका, मग कानाने, नाच सगळ्यात शेवटी.

तर टिपऱ्या. नवरात्रात नागपुरात बर्डीवर ढिगाने मिळतात त्याच, फक्त भरीव लाकडाच्या पाहून घ्या, घुंगरू-बिंगरू नको. एक टिपरी डाव्या हातात बोटांच्या टोकांवर अलगद टेकवायची, खाली तळहाताची पोकळी राहिली पाहिजे, मुठीत आवळली की आवाज मेलाच समजा. दुसरीने मधोमध मारा. आता तीनतालासारख्या १६ मात्रा सावकाश मोजा आणि १, ४, ७, ११, १३ वर ठोका द्या. ही ‘सोन’ या क्यूबन संगीतप्रकाराची क्लावे, म्हणजे पायाचा ठेका. यातला ७ चा ठोका ८ वर सरकवला की झाली रुंबाची क्लावे, फरक म्हटला तर एवढासाच पण सगळा डौल बदलतो, आणि हात सारखा जुन्या जागेवर पळतो बरं का. बाकी वाद्यं, गाणं, नाचणाऱ्याचा पाय, सगळं या पाच ठोक्यांना धरून चालतं. उन्हाळ्यात भर दुपारी रियाज करा, कूलरच्या घरघरीत शेजाऱ्यांना पत्ता लागत नाही.

हात बसला की रुंबा ऐका. हवाना आणि मातान्सास या बंदरांच्या शहरांतल्या गरीब काळ्या वस्त्यांमधली ही चीज, ढोल नसेल तर मालाची लाकडी खोकी बडवायचे. हिचे तीन प्रकार: यांबू संथ, ग्वाग्वांकोत बाई-पुरुषाची छेडछाड, कोलुंबिया वेगवान आणि परंपरेने एकट्या पुरुषाची. १९५२ साली सुरू झालेला लोस मुन्येकितोस दे मातान्सास हा ग्रुप आधी ऐका, बाकीचे नंतर. युनेस्कोच्या यादीत रुंबा आली २०१६ मध्ये, म्हणजे तशी उशिराच.

आता खरी मुळं. क्यूबातल्या उसाच्या मळ्यांसाठी आफ्रिकेतून माणसं गुलाम करून आणली, गुलामी संपली थेट १८८६ मध्ये. योरुबा लोकांना तिथे लुकुमी म्हणायचे, कांगोकडच्यांकडून पालो ही धर्मपरंपरा आली, कालाबारकडून आबाकुआ ही पुरुषांची गुप्त मंडळी, दाहोमेकडून आरारा परंपरा. काबिल्दो नावाच्या मंडळांत एकेका समाजाचे लोक जमायचे, त्यातून देव, ढोल आणि भाषा टिकली. वरून कॅथलिक संतांचे चेहरे चढले, म्हणून चांगो या लुकुमी देवाचा उत्सव ४ डिसेंबरला, सांता बार्बाराच्या दिवशी.

लुकुमींचे बाता ढोल ऐकताना एकदम सगळं पकडायला जाऊ नका. तीन ढोल असतात, तिन्ही दोन तोंडांचे, मांडीवर आडवे. पहिल्यांदा फक्त सगळ्यात लहान ओकोंकोलो शोधा, तो एकच गोष्ट धरून बसतो. मग मधला इतोतेले. शेवटी मोठा इया, हा हाक देतो आणि इतोतेले उत्तर देतो, हे संभाषण एकदा कानात बसलं की मग सुटत नाही. सुरुवात नेहमी एलेग्वा या देवापासून, तो वाटा उघडणारा. आपल्याकडचा माणूस लगेच म्हणतो अरे हा तर गणपती, हाव, तेवढ्यापुरतं ठीक, पण एलेग्वा भयंकर खोडकर पण आहे, तेव्हा घाई नको.

आणि लुकुमींचा हा चालू धर्म आहे, लोक आजही त्यात दीक्षा घेतात. पूजेतल्या बातांवर संस्कार झालेले असतात, स्टेजवरचे सहसा साधे. म्हणून विधीचं रेकॉर्डिंग कापून लग्नाच्या डीजेत टाकू नका बाप्पा.

नाच पाहायचा तर १९६२ मध्ये स्थापन झालेल्या कोन्हुंतो फोकलोरिको नासिओनाल या क्यूबाच्या राष्ट्रीय लोकनृत्य संचाचे व्हिडिओ पाहा. त्यात देवच नाचतात: येमाया ही समुद्राची देवी, तिच्या निळ्या घेरात लाटा असतात, चांगोकडे दुधारी कुऱ्हाड आणि लाल रंग, ओगुन कोयता घेऊन वाट तोडत येतो. हात पाहायचा मोह होईल, पण आधी खांदे आणि पाठ पाहा, ढोल तिथे आधी उतरतो.