टाकी फुल म्हणजे पहिल्या 'टक'पर्यंत

नोझल पूर्ण आत बसवायला सांगा. टाकी भरून नोझल आपोआप बंद होताना पहिला 'टक' वाजला की लगेच म्हणा, "बस, दादा." ३,९६२ चे ४,००० करायचा मोह पंपावरच्या पोराला होतोच. मीही एकदा होऊ दिला. गाडी घराच्या उतारावर उन्हात लावली; दुपारी झाकणाखालून डिझेलचा ओघळ, मागच्या चाकापर्यंत! जमिनीखालचं गार डिझेल तापलं की फुगतं: ५० लिटर १५ अंशांनी तापलं तर अर्ध्या लिटरहून जास्त. गळ्यापर्यंत भरल्यावर ते जाणार कुठे?

सांडलंच तर पाणी मारू नका, तवंग पसरतो. माती किंवा वाळू टाका, मग झाडून घ्या. डिझेल पेट्रोलसारखं पटकन उडत नाही. रस्त्यावर तसंच राहिलं तर मागून येणारा दुचाकीवाला घसरतो. गाडीचा पत्रा साबणाने धुवा.