'पासून' आलं की 'हॅव बीन' जिभेवर कसं आणायचं

"आय ॲम वर्किंग इन धिस हॉस्पिटल सिन्स फोर इयर्स."

परदेशात नर्सिंगच्या नोकरीसाठी मुलाखतीची तयारी करणाऱ्या मुली साताऱ्यात माझ्या संध्याकाळच्या वर्गाला येतात. त्यांच्यातल्या बहुतेक जणी पहिल्या दिवशी हे वाक्य असंच म्हणतात. वॉर्डातलं इंग्रजी त्यांना माझ्यापेक्षा जास्त येतं. औषधांची नावं, मशिनची नावं, डॉक्टरांच्या सूचना, कशातच अडत नाही. अडतं ते इथे. आणि मुलाखत घेणारा सुरुवातीलाच विचारतो, की तुम्ही किती वर्षं काम करताय?

त्या वाक्यात दोन चुका आहेत आणि दोन्ही मराठीतून आल्यात. "मी चार वर्षांपासून इथे काम करते" या वाक्यात 'काम करते' हा आपला साधा वर्तमानकाळ आहे. चार वर्षांचं सगळं ओझं 'पासून' एकटा उचलतो. क्रियापदाला काही करावं लागत नाही. इंग्रजीत ते ओझं क्रियापदालाच उचलावं लागतं: "आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर फोर इयर्स." शाळेत याला चालू पूर्ण वर्तमानकाळ म्हणून शिकवलं. आधी हॅव किंवा हॅज, मग बीन, मग आयएनजी लावलेलं क्रियापद. हे सूत्र माझ्याकडे येणाऱ्या सगळ्यांना पाठ असतं, फक्त बोलताना आठवत नाही. म्हणून मी सराव सूत्रापासून सुरू करत नाही, 'पासून'पासून करते. डोक्यात 'पासून' आला की तोंडात 'हॅव बीन' यायला हवं, एवढी एकच सवय आधी लावायची. इथे इंग्रजी वाक्यं मुद्दाम देवनागरीत लिहिली आहेत. ती डोळ्यांनी वाचून सोडू नका, मोठ्याने म्हणा.

सुरुवात वहीपासून करा. तुमच्या घरात, कामात, अंगात सध्या जे जे चालू आहे ते मराठीत लिहून काढा, प्रत्येक ओळीत 'पासून' असलेलं. पुस्तकातली रामने आंबा खाल्ल्याची वाक्यं नकोत, तुमचीच हवीत. माझ्या वर्गातल्या वह्यांमध्ये अशा ओळी असतात: पावसाळ्यापासून सासूबाईंचे गुडघे दुखतायत. दोन महिन्यांपासून आम्ही भाड्याचं घर शोधतोय. सोमवारपासून नळाला पाणी कमी येतंय. मुलगा जूनपासून क्लासला जातोय. आता एकेक ओळ इंग्रजीत. "हर नीज हॅव बीन हर्टिंग सिन्स द मॉन्सून." "वी हॅव बीन लुकिंग फॉर अ रेंटेड हाउस फॉर टू मंथ्स." स्वतःची गोष्ट असली की वाक्य लक्षात राहतं, कारण ते दुसऱ्या दिवशी कुणाला तरी सांगायची खरोखर वेळ येते.

इथेच दुसरी चूक समोर येते, सिन्स आणि फॉर. मराठीत दोन्हीकडे 'पासून' चालतो: सोमवारपासून, तीन दिवसांपासून. इंग्रजीत सुरुवातीचा क्षण सांगायचा तर सिन्स, मधला काळ मोजून सांगायचा तर फॉर. ही व्याख्या सगळ्यांना कळते, पण घाईत कामाला येत नाही. त्यापेक्षा ही मराठी कसोटी वापरा. 'पासून' काढा आणि 'झाले' घालून बघा. "तीन दिवस झाले, मी वाट बघतोय" हे वाक्य सरळ वाटतं ना? मग फॉर. "सोमवार झाला, मी वाट बघतोय" असं कुणी म्हणत नाही. मग सिन्स. दोन तास झाले, सहा महिने झाले, खूप वर्षं झाली: फॉर. सकाळपासून, दिवाळीपासून, लहानपणापासून, 2019 पासून: सिन्स. आपल्या कानाला ही कसोटी आधीपासून येते, म्हणून ती चुकत नाही.

'गेल्या दोन वर्षांपासून' याचं "सिन्स लास्ट टू इयर्स" करू नका. हे इतक्या ठिकाणी ऐकू येतं, की बरोबरच वाटायला लागतं. "फॉर द लास्ट टू इयर्स" म्हणा. 'लग्न झाल्यापासून', 'साताऱ्यात आल्यापासून' अशी सुरुवात असेल तर सिन्सनंतर साधा भूतकाळ घ्यायचा: "सिन्स आय गॉट मॅरिड", "सिन्स आय केम टू सातारा". म्हणजे पूर्ण वाक्य होईल, "आय हॅव बीन टीचिंग सिन्स आय केम टू सातारा."

यासाठी रोज सकाळी करायचा एक छोटा व्यायाम आहे. एकच गोष्ट दोन्ही पद्धतीने म्हणायची. समजा आज गुरुवार आहे आणि सोमवारपासून खोकला आहे. "आय हॅव बीन कॉफिंग सिन्स मंडे." "आय हॅव बीन कॉफिंग फॉर थ्री डेज." सहा वाजता उठलात आणि आता दहा वाजलेत: "सिन्स सिक्स", "फॉर फोर अवर्स". घड्याळ आणि कॅलेंडर एवढंच साहित्य लागतं. चहा होईपर्यंत पाच-सहा जोड्या होतात.

मोठ्या काळासाठी मी डेक्कन क्वीन घेते, कारण पुण्या-मुंबईकडे ती कुणाला सांगावी लागत नाही. ती 1930 साली सुरू झाली. "द डेक्कन क्वीन हॅज बीन रनिंग बिट्वीन मुंबई अँड पुणे सिन्स 1930." आता हेच फॉर घालून म्हणा, वर्षांची वजाबाकी तुमची तुम्ही करा. इथे गाडी एक आहे म्हणून हॅज. पूर्वी शाळेत 'ही, शी, इट' घोकून घेत, ते बरोबरच होतं.

काळाचं वाक्य जमलं की प्रश्न. आपण सवयीने "फ्रॉम हाऊ मेनी इयर्स आर यू वर्किंग?" असं विचारतो. त्याच्या जागी "हाऊ लाँग" ठेवा: "हाऊ लाँग हॅव यू बीन वर्किंग हिअर?" घरात कुणी शिकणारं असेल तर जेवताना एकमेकांना असे प्रश्न विचारा. उत्तर एका शब्दात चालवून घेऊ नका. "फॉर टू इयर्स" हे बोलण्यात बरोबरच आहे, पण सरावात पूर्ण वाक्य घ्या, कारण बसवायचं आहे ते 'हॅव बीन'.

आता ते अवघड वळण, जे पुस्तकं दोन ओळींत उरकतात.

या काळाचा दुसरा उपयोग असा आहे, की काम नुकतंच थांबलंय, पण त्याची खूण अजून समोर दिसतेय. मुलीचे डोळे लाल आहेत. आपण विचारतो, "तू रडत होतीस का?" मराठीत इथे 'पासून' नाही, उलट 'होतीस' आहे. म्हणून आपलं इंग्रजी "वेअर यू क्राइंग?" असं निघतं. ते व्याकरणाने चूक नाही, पण डोळ्यांकडे बघून विचारताना इंग्रजी बोलणारा सहसा म्हणेल, "हॅव यू बीन क्राइंग?" अंगण ओलं दिसलं तर "इट हॅज बीन रेनिंग." नवरा घामाघूम होऊन दारात उभा आहे, "हॅव यू बीन रनिंग?" पहिल्या उपयोगात 'पासून' तुम्हाला हाक मारतो. इथे कुणी हाक मारत नाही, खूण तुम्हालाच शोधावी लागते. म्हणून याचा सराव डोळ्यांनी करायचा. दिवसभरात माणसांच्या अंगावर, हातावर, जमिनीवर काय दिसतं ते बघा आणि मनात एक वाक्य करा. हाताला पीठ: "शी हॅज बीन मेकिंग भाकरीज." बाहीवर खडू: "ही हॅज बीन टीचिंग." चपलांना चिखल: "दे हॅव बीन वॉकिंग इन द फील्ड." एसटीत बसल्या बसल्या हे करता येतं आणि माझ्या मते संपूर्ण सरावातला हा सर्वांत उपयोगी भाग आहे, कारण शाळेत तो कुणी करून घेत नाही.

काम किती झालं याचा आकडा आला की मात्र 'बीन' आणि आयएनजी सोडायचं. "सकाळपासून भाकरी करतेय": "आय हॅव बीन मेकिंग भाकरीज सिन्स मॉर्निंग." "सकाळपासून तीस भाकरी केल्या": "आय हॅव मेड थर्टी भाकरीज सिन्स मॉर्निंग." पहिल्या वाक्यात काम दिसतं, दुसऱ्यात काम किती झालं ते. दोन्ही एकामागून एक म्हणण्याची सवय ठेवा. आषाढात माउलींची पालखी आमच्या जिल्ह्यात लोणंद, फलटणला येते तेव्हा मी वर्गात वारीवरच वाक्यं घेते. "द वारकरीज हॅव बीन वॉकिंग सिन्स दे लेफ्ट आळंदी. दे हॅव क्रॉस्ड दिवे घाट. दे हॅव रीच्ड लोणंद." चालणं सुरू आहे, म्हणून बीन वॉकिंग. घाट ओलांडून झाला, म्हणून हॅव क्रॉस्ड. आणि मग, "पीपल हॅव बीन डूइंग द वारी फॉर सेंच्युरीज." हे वाक्य म्हणताना वर्गाचा आवाज आपोआप चढतो.

काही क्रियापदांना आयएनजी सोसत नाही. ओळखणं, माहीत असणं, मालकीचं असणं, आवडणं ही कामं नाहीत, स्थिती आहेत. खिडकीतून बघणाऱ्याला तुम्ही 'ओळखताना' दिसणार नाही. स्वयंपाक करताना, वाट बघताना, खोकताना दिसाल. "मी तिला दहा वर्षांपासून ओळखते" याचं "आय हॅव नोन हर फॉर टेन इयर्स." 'बीन नोइंग' नाही. "आमच्याकडे ही गाय तीन वर्षांपासून आहे": "वी हॅव हॅड धिस काऊ फॉर थ्री इयर्स." राहणं आणि नोकरी करणं यांना दोन्ही रूपं चालतात, "हॅव लिव्ह्ड" आणि "हॅव बीन लिव्हिंग". तिथे अडून बसू नका.

दवाखान्यातली वाक्यं मी सगळ्यांकडून पाठ करून घेते, नर्स नसलेल्यांकडूनही. मुलाकडे परदेशी गेलेल्या आईवर एकटीने डॉक्टरांशी बोलायची वेळ येते. "दोन दिवसांपासून ताप आहे": "आय हॅव हॅड अ फीव्हर फॉर टू डेज." "काल रात्रीपासून उलट्या होतायत": "आय हॅव बीन व्हॉमिटिंग सिन्स लास्ट नाइट." "आठवडा झाला, नीट झोप लागत नाहीये": "आय हॅव नॉट बीन स्लीपिंग वेल फॉर अ वीक." यात ताप ही स्थिती, उलट्या ही चालू क्रिया आणि झोपेचं वाक्य नकारार्थी. ही तीन वाक्यं आली की उरलेली दुखणी तुम्ही स्वतः बसवू शकता.

एक सापळा माझ्या वर्गातल्या एका काकांमुळे सगळ्यांना नीट समजला. ते एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त आहेत. ओळख करून देताना म्हणाले, "आय हॅव बीन वर्किंग इन एसटी फॉर थर्टी इयर्स." मी विचारलं, "काका, उद्या ड्यूटी कितीची?" ते म्हणाले, "मॅडम, ड्यूटी कसली, रिटायर झालो की." तेच तर. फॉर आला म्हणजे 'हॅव बीन' येणारच असं नाही. नोकरी संपली असेल तर "आय वर्क्ड इन एसटी फॉर थर्टी इयर्स." 'हॅव बीन वर्किंग' म्हटलं की ऐकणारा समजतो, हे अजून तिकिटं फाडतायत. बायोडेटा लिहिताना हे फार महत्त्वाचं आहे. आधीच्या नोकऱ्या साध्या भूतकाळात, आजची नोकरी 'हॅव बीन' लावून.

उच्चाराकडे दुर्लक्ष करू नका. "आय... हॅव... बीन..." असं तोडून बोललं की प्रत्येक वेळी सूत्र आठवावं लागतं. सलग बोला, "आयव्ह बिन वेटिंग". झपाट्याने बोलताना बीन आखूड होतं आणि हॅव नुसतं 'व्ह' उरतं. जोर वेटिंगवर. मोबाइलवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून ऐका, तो 'व्ह' गळत नाही ना हे बघण्यासाठी. "आय बीन वेटिंग" असं ऐकू आलं तर पुन्हा.

गाळलेल्या जागा भरण्याच्या वह्यांवर माझा फारसा भरवसा नाही. पानाच्या डोक्यावर काळाचं नाव छापलेलं असतं, मग निवड करायची राहतेच कुठे? सरावाची वाक्यं नेहमी मिसळलेली घ्या. ही पाच करून बघा, उत्तरं झाकून:

दीड तास झाला, मी बसची वाट बघतोय.
ही सायकल माझ्याकडे शाळेपासून आहे.
आजोबांनी चाळीस वर्षं शेती केली, आता ती भाऊ बघतो.
"डोळे का लाल?" "कांदा चिरत होते."
सकाळपासून तुला चार वेळा फोन केला.

पहिलं: "आय हॅव बीन वेटिंग फॉर द बस फॉर ॲन अवर अँड अ हाफ." यात दोन फॉर आले, दोघांची कामं वेगळी. दुसरं मालकीचं, म्हणून "आय हॅव हॅड धिस बायसिकल सिन्स माय स्कूल डेज." तिसरं संपलेलं, म्हणून "माय ग्रँडफादर फार्म्ड फॉर फॉर्टी इयर्स, नाऊ माय ब्रदर लुक्स आफ्टर द फार्म." चौथ्यात खूण समोर आहे: "आय हॅव बीन चॉपिंग अनियन्स." पाचव्यात आकडा आहे, म्हणून "आय हॅव कॉल्ड यू फोर टाइम्स सिन्स मॉर्निंग." आकडा काढून "सकाळपासून फोन करतेय" म्हणायचं असेल तर "आय हॅव बीन कॉलिंग यू सिन्स मॉर्निंग." या दोघांतलं कुठलं वापरायचं ते तुम्हाला किती राग आलाय यावर ठरेल. आकडा सांगितला की समोरच्याला हिशोब ऐकू येतो, बीन कॉलिंग म्हटलं की तुमची दगदग.